मदत हवी आहे: डॅक वेगळा असेल तर महाग स्ट्रीमरने आवाज खरंच सुधारतो का?

मंडळी, जरा गोंधळ झालाय. घरी जुना स्टिरिओ अँप आणि बुकशेल्फ स्पीकर आहेत, वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डबा) आहे आणि त्याला यूएसबीने रास्पबेरी पाय (छोटासा स्वस्त कॉम्प्युटर) जोडलाय, खरं सांगायचं तर मस्त वाजतं. पण परवा एका दुकानात गेलो तर तिथले म्हणाले लाखाचा स्ट्रीमर (गाण्याची फाइल घेऊन डॅककडे पाठवणारा डबा) लावा, तानपुरा वेगळाच ऐकू येईल, लावून पण दाखवला आणि मला फरक जाणवला सुद्धा! घरी येताना डोक्यात आलं की तो जरा मोठ्याने तर वाजत नव्हता ना, कारण थोडंसं मोठं वाजलं तरी कानाला चांगलंच वाटतं.

माझं म्हणणं असं की डॅक बाहेरचा असेल तर स्ट्रीमर फक्त आकडे पुढे ढकलतो, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीच्या दर्जाची फाइल जशीच्या तशी पोचली तर सूर कुठून बदलणार? जिटर (आकड्यांच्या वेळेतली बारीक गडबड) म्हणाल तर असिंक्रोनस यूएसबीत क्लॉक, म्हणजे वेळ ठरवणारं घड्याळ, डॅकचंच चालतं. वायरमधून येणाऱ्या नॉइजचं तेवढं पटतं, पण मग ऑप्टिकलने (प्रकाशावर चालणाऱ्या केबलने) ते पण तुटतं ना? स्क्रीन, चांगलं अ‍ॅप, देखणा डबा यासाठी पैसे जातात हे मान्य, त्यात काही वाईट नाही.

तर कोणी व्हॉल्यूम मोजून सारखा करून, कुठला चालू आहे ते न बघता दोन्ही ऐकलेत का? की तेच पैसे स्पीकरमध्ये घालू? बायकोला अजून काही बोललो नाहीये.