एलएसयूचा २०१९चा सीझन: सगळं श्रेय बरोचंच का?

प्रश्न: तिसरा_डाउन

अमेरिकन कॉलेज फुटबॉल मी दोनच वर्षं बघतोय. नियम आता बऱ्यापैकी कळायला लागलेत. आजवरचा सगळ्यात भारी कॉलेज संघ कुठला, असा विषय निघाला की लुइझियाना स्टेटचं, म्हणजे एलएसयूचं, २०१९चं नाव येतंच. १५ पैकी १५ सामने जिंकले, ७२६ गुण केले. पण आदल्या वर्षी याच संघाने १० जिंकले होते आणि ३ हरले होते, आणि क्वार्टरबॅकही, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडूही, तोच, जो बरो. २०१८मध्ये त्याचे १६ टचडाउन पास (थेट गोल रेषेपलीकडे गुण मिळवून देणारे), २०१९मध्ये ६०! एका वर्षात एवढा फरक कसा पडतो? तेव्हा कुणी हे सामने पाहिले असतील तर सविस्तर सांगा.

उत्तर: जांभळी_सोनेरी

मी तेव्हा एलएसयूच्या गावात, बॅटन रूजमध्ये, पीएचडी करत होते. दोन्ही सीझन विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून पाहिले, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

बरो २०१८मध्येही चांगलाच होता, पण त्याला जुन्या पद्धतीने खेळवत होते. बॉल रनिंग बॅकच्या, म्हणजे तो घेऊन धावणाऱ्याच्या, हातात द्यायचा, दोन-तीन यार्ड रेटायचे, बाकी भार डिफेन्सवर, म्हणजे बचाव फळीवर. वर्षानुवर्षं एलएसयू असंच खेळत आलं होतं. नोव्हेंबर २०१८मध्ये अलाबामा आमच्या मैदानावर आली आणि २९-० जिंकून गेली. लाखभर माणसांचं स्टेडियम, आणि शेवटच्या क्वार्टरला माझ्या आजूबाजूच्या रांगा रिकाम्या. अलाबामाकडून तो सलग आठवा पराभव होता.

त्यानंतर प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी या तरुण प्रशिक्षकाला आणलं. वय २९. ऑफेन्सची, म्हणजे आक्रमण फळीची, सूत्रं स्टीव्ह एन्समिंगर यांच्याकडे होती, ते स्वतः एलएसयूचे जुने क्वार्टरबॅक, साठी ओलांडलेले. त्यांनी या पोराची पद्धत मनापासून स्वीकारली, हे मला फार मोठं वाटतं. आता पाच-पाच जण पास झेलायला पसरायचे, रनिंग बॅकसुद्धा. क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने त्या वर्षी १,४१४ यार्ड धावून काढले, वर ५५ पास झेलले. मागे बरोला सांभाळायला बहुतेक वेळा फक्त लाइनचे, म्हणजे त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे, पाच जण. त्या लाइनला देशातल्या सर्वोत्तम लाइनचा जो मूर पुरस्कार मिळाला तेव्हा मला बरोच्या हाइझमनइतकाच (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) आनंद झाला.

पण मला खरा बदल कळला तो ७ सप्टेंबरला. ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध सामना, आम्ही तो घरी टीव्हीवर पाहत होतो. ३७-३१ अशी आघाडी, अडीच-एक मिनिटं उरलेली, तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आणि हवे होते १७ यार्ड. जुना एलएसयू इथे काय करतो हे खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं: धावायचं, घड्याळ चालू ठेवायचं, पंट करायचा, म्हणजे लाथेने बॉल लांब उडवून समोरच्यांना द्यायचा. टेक्सासने बरोच्या अंगावर माणसं सोडली. बरो पळाला नाही, पुढे सरकला आणि जस्टिन जेफरसनला पास दिला. ६१ यार्ड, थेट टचडाउन. सामना ४५-३८ जिंकला. माझी रूममेट लुइझियानातच वाढलेली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आपण फेकला," एवढंच ती म्हणत राहिली.

९ नोव्हेंबरला त्यांच्याच टस्कलूसात अलाबामाला ४६-४१ हरवलं, पण माझ्यासाठी सीझन टेक्सासलाच फिरला होता.

उत्तर: सेफ्टी_३२

ताई, ऑफेन्सचं सगळं पटलं. पण डिफेन्सने व्हँडरबिल्टला ३८ आणि ओल मिसला ३७ गुण दिले होते. दुबळ्या संघांना एवढे गुण देणारा संघ सर्वोत्तम कसा? मला तरी २००१चा मायामी त्याहून वरचा वाटतो.

उत्तर: जांभळी_सोनेरी

मायामीचा डिफेन्स सरस होता, मान्य. पण आमच्या डिफेन्सचा हिशेब ऑबर्नचा सामना धरून करा. त्यांनी पुढे तिघेच ठेवले आणि आठ जण पास अडवायला मागे नेले. पास बंद म्हटल्यावर एडवर्ड्स-हेलेअर १३६ यार्ड धावला, तरी गुण झाले फक्त २३. तो सामना डिफेन्सने राखला, २३-२०. आमच्या डिफेन्समधला ग्रँट डेलपिट त्या काळात घोटा दुखावलेला असताना खेळत होता. तो बरा झाल्यावर समोरच्यांना किती गुण दिले ते पाहा: टेक्सास ए अँड एम ७, जॉर्जिया १०.

उत्तर: गंबो_आणि_भात

पीच बोलचा उल्लेख राहिला. २८ डिसेंबरला ओक्लाहोमाविरुद्धचा तो उपांत्य सामना होता. त्याच दिवशी सकाळी विमान अपघातात एन्समिंगर यांची सून गेली. सामन्याआधी त्यांना कळलं होतं, तरी ते वर प्रशिक्षकांच्या बूथमध्ये जाऊन बसले आणि काम केलं. बरोने पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास दिले, ६३-२८. तो सामना मला आजही आनंदाने पाहता येत नाही.

तिसरा_डाउन

हे मला माहीतच नव्हतं. सगळ्यांचे आभार. या शनिवारी एकच सामना पूर्ण पाहायचा असेल तर कुठला? क्लेमसनविरुद्धचा अंतिम सामना?

उत्तर: जांभळी_सोनेरी

अंतिम सामना छानच आहे. १७-७ असे मागे पडून मध्यंतराला २८-१७ पुढे, शेवटी ४२-२५, आणि क्लेमसनची सलग २९ विजयांची मालिका संपली. पण आधी टेक्सासचा बघा, आणि शेवटची तीन मिनिटं पुढे ढकलू नका.

आणि जमलं तर ३० नोव्हेंबरच्या ए अँड एम सामन्याची फक्त सुरुवात. घरच्या मैदानावर बरोचा शेवटचा दिवस. तो ओहायोतून आलेला मुलगा, पण मैदानात धावत आला तेव्हा पाठीवर आडनाव लुइझियानाच्या केजन (तिथले फ्रेंच वंशाचे लोक) फ्रेंच स्पेलिंगने लिहिलेलं होतं. शेवटी 'ई-ए-यू-एक्स', तिथल्या कितीतरी घरांच्या पाट्यांवर असतं तसं. आधी दोन क्षण कुणाच्या लक्षात आलं नाही. मग स्टँडमध्ये एकेक जण बोट दाखवायला लागला आणि तो आवाज खालून वरपर्यंत चढत गेला.