पिरॅमस-थिस्बी आणि रोमिओ-ज्युलिएट: खरी शोकांतिका कोणती?

काजळरेघ:
रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसेस’ या काव्याच्या चौथ्या भागात बॅबिलोनच्या पिरॅमस आणि थिस्बीची गोष्ट आहे. भिंतीला भिंत लागून घरं, बापांचा लग्नाला नकार, फटीतून चाललेलं बोलणं. एका रात्री गावाबाहेर, नायनस राजाच्या थडग्यापाशी तुतीखाली भेटायचं ठरतं. थिस्बी आधी पोचते. तेवढ्यात शिकार करून आलेली, तोंड रक्ताने माखलेली सिंहीण पाण्यावर येते. थिस्बी गुहेत पळते, तिची ओढणी पडते, सिंहीण ती फाडून निघून जाते. मागून आलेला पिरॅमस ती रक्ताळलेली ओढणी बघून स्वतःला तलवार खुपसून घेतो, आणि परत आलेली थिस्बी त्याच तलवारीवर जीव देते. या रक्ताने पांढरी तुती काळीजांभळी झाली, असं ओव्हिड सांगतो.

दीड हजारांहून जास्त वर्षांनी, १५९५ च्या सुमारास, शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये हाच सांगाडा दिसतो. ती गेली असं समजून तो मरतो, तो गेला म्हणून ती. तरी माझ्या मते शोकांतिका म्हणावी ती दुसरीच. बॅबिलोनमध्ये जे घडतं ते सिंहिणीमुळे, तिला दोष काय देणार? रोमिओ-ज्युलिएटच्या व्हेरोनात मात्र पावलोपावली कुणीतरी माणूस उभा आहे आणि त्याला हे थांबवता आलं असतं. तेच वाचताना सोसवत नाही.

पारावरचा:
दोष कुणाचाच नाही हे मला मुळीच पटत नाही. त्यांचं रीतसर लग्न झालं असतं, पण बापांनी मनाई केली, असं ओव्हिड जेमतेम एका ओळीत लिहितो आणि पुढे जातो. रोमन वाचकाला तेवढं पुरे होतं. बाप हयात असेपर्यंत मुलगा कितीही मोठा होवो, त्याच्या सत्तेखालीच असे, आणि बापाच्या संमतीवाचून लग्न कायद्याने लग्नच ठरत नसे. म्हणजे सगळी वाट तिथेच बंद.

व्हेरोनात तसं नाही. चर्चच्या जुन्या नियमानुसार दोघांची संमती असली की लग्न लागे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये पुरोहित आणि साक्षीदार सक्तीचे केले, पण इंग्लंड त्याआधीच रोमपासून फुटलं होतं. चोरून लावलेलं लग्न तिथे गैर मानत, पण मोडीत काढत नसत. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांच्या लेखी दुसऱ्या अंकाच्या शेवटी हे दोघे नवराबायको झालेले आहेत. थिस्बीला असा एक दिवसही मिळाला नाही. जास्त कोंडी कुणाची?

काजळरेघ:
कायद्याचा मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. वाट होती, लग्न झालेलं होतं, तरी ती दोघं मेली. कशी, ते बघा. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट सोमवारी रात्री पॅरिस नावाच्या सरदाराला शब्द देतो, लग्न गुरुवारी. ज्युलिएट नाही म्हणते तर तो तिला रस्त्यावर भीक मागून मर म्हणतो. आई पाठ फिरवते. जिने अंगावर पाजून वाढवलं ती दाई म्हणते, पॅरिसशीच कर लग्न. दोघांचं लग्न लावणारा साधू फ्रायर लॉरेन्स तिला ४२ तास मेल्यासारखं झोपवणारं औषध देतो, ते बुधवारी रात्री घ्यायचं असतं. मुलगी ‘शहाणी’ झाली या आनंदात बाप लग्न एक दिवस अलीकडे ओढतो आणि तिला ते मंगळवारीच प्यावं लागतं. रोमिओला निरोप पोचवायला असलेला एक दिवस तिथेच गेला. सिंहीण असं काही करत नाही.

निळावंती:
आणि पत्राचं काय? हद्दपार रोमिओकडे मॅन्टुआला ते पत्र घेऊन निघालेला फ्रायर जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात अडकतो, दारं बंद होतात, पत्र तसंच परत येतं. ही व्हेरोनातली सिंहीणच आहे की. सुरुवातीच्या निवेदनातच या दोघांच्या नशिबी वाईट तारे असल्याचं सांगून टाकलंय. तुम्ही माणसांचे अपराध मोजताय, नाटककार आकाशाकडे बोट दाखवतोय.

काजळरेघ:
तारे निवेदनात आहेत, पण त्याच निवेदनात दोघांच्या घराण्यांचं जुनं वैरही आहे. कथा शेक्सपिअरने आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या दीर्घ कवितेतून घेतली. ब्रुक प्रस्तावनेत प्रेमिकांनाच दोष देतो, आईबापांचं ऐकलं नाही म्हणून. तिथे ज्युलिएट १६ वर्षांची आहे आणि गोष्ट कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने तिला चौदाव्या वर्षाच्याही आत आणलं आणि सगळं चार-पाच दिवसांत कोंबलं. वय इतकं खाली आणल्यावर दोषाचा काटा मोठ्या माणसांकडे वळणारच.

पारावरचा:
मग त्या मोठ्या माणसांना शेवटी एवढं स्वस्तात का सोडलं? मुलं मेल्यावर दोन बाप हात मिळवतात आणि रोमिओचा बाप माँटेग्यू ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारायचं कबूल करतो. जिवंतपणी जिचं ऐकलं नाही तिचं सोनं करायचं, आणि वर शहरात शांतता! मला हा शेवट सहन होत नाही. थिस्बी मरण्याआधी स्वतःच्या तोंडाने दोन्ही आईबापांना सांगते, आम्हाला एका थडग्यात ठेवा. आणि दोघांची राख एका कलशात ठेवली जाते. मागणी तिची, मान्य होते तीही तिचीच. ज्युलिएटकडे कुणी काही विचारलं का?

अबोली:
काजळरेघ आणि पारावरचा, तुम्ही दोघांनीही प्रेमिकांची शेवटची भेट बाजूला ठेवलीय, आणि माझ्या मते सगळा निवाडा तिथेच आहे. थिस्बी स्वतःचं नाव घेऊन हाक मारते तेव्हा पिरॅमस मरता मरता डोळे उघडतो, तिला बघतो, पुन्हा मिटतो. ती जिवंत आहे, हे त्याला कळतं. १५३० च्या सुमाराच्या लुइजी दा पोर्तोच्या इटालियन कथेत तर रोमिओ जिवंत असतानाच ज्युलिएट जागी होते आणि दोघं बोलतात. ब्रुकमध्ये ती भेट नाही आणि शेक्सपिअरनेही ती दिली नाही. ज्युलिएट उठते तेव्हा त्याचे ओठ अजून गरम आहेत, बस्स. इंग्लिश नट डेव्हिड गॅरिकला हे इतकं जड गेलं की १७४८ मध्ये त्याने रंगमंचावर दोघांचा संवाद परत घातला आणि प्रेक्षकांनी तो कित्येक दशकं उचलून धरला.

म्हणून पारावरचा, थिस्बीची वाट कायद्याने बंद होती हे मान्य, पण तिचा माणूस तिला जिवंत बघून गेला. रोमिओ ज्युलिएटला मेलेली समजूनच गेला. यानंतरही बॅबिलोनची कोंडी मोठी वाटत असेल तर का, ते सांगा.