बेसमेंटची 24 फुटी भिंत: 18 स्टड कमी पडतील

बेसमेंटमध्ये 24 फूट लांबीची, एक दार असलेली लाकडी सांगाड्याची भिंत उभारायला किती स्टड (सांगाड्याचे उभे लाकडी खांब) लागतील, याला कोणीतरी 24 फूट भागिले 16 इंच (दोन स्टडमधलं अंतर), म्हणून 18 स्टड असा हिशेब दिला आहे. ते 18 गाळे (स्टडमधल्या जागा) झाले, स्टड 19 लागतात. शिवाय दाराच्या दोन्ही बाजूंना किंग (पूर्ण उंचीचा स्टड) आणि जॅक (हेडरला, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईला, आधार देणारा आखूड स्टड) धरून 4, एका टोकाच्या कोपऱ्याला 2, दुसऱ्या टोकाला ही भिंत दुसऱ्या भिंतीला भिडते तिथे 2. म्हणजे 27. ढिगात पिळलेले, वाकलेले नग निघतातच, तेव्हा 30 घ्या. 'फुटाला एक स्टड' हा ठोकताळा लांब, सरळ भिंतीला ठीक. दारं-कोपरे वाढले की हमखास फसतो.

आडव्या पट्ट्या (खाली एक, वर दोन) 24 × 3 = 72 फूट. दाराची लांबी वजा करू नका, खालची पट्टी भिंत उभी केल्यावरच कापायची असते. काँक्रीटवरची पट्टी प्रेशर-ट्रीटेडच (कुजू नये म्हणून दाबाने रसायन मुरवलेली) हवी, साधं लाकूड ओल शोषून कुजतं. वरच्या दोन पट्ट्यांचे सांधे किमान 2 फूट सरकवा: एक पट्टी 12+12 फुटी तुकड्यांची, दुसरी 16+8. हेडरचं लाकूड वेगळं धरा.

आणि उंची मोजल्याशिवाय 92⅝ इंची तयार स्टड घेऊ नका. तीन पट्ट्यांसह भिंत 97⅛ इंच होते. बेसमेंटमध्ये तेवढी उंची अनेकदा नसते.