मदत हवी आहे: गावी एकट्या राहणाऱ्या आत्याची खबर, लाईट आणि रेंज गेल्यावरही कळेल असं काही आहे का?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे. थोडक्यात विचारलं की 'कॅमेरा बसवा' एवढंच उत्तर मिळतं, म्हणून सगळं सांगतो.

आत्या ८१ वर्षांची. देवगड तालुक्यात आमच्या जुन्या घरात एकटी राहते. मी डोंबिवलीला, चुलतभाऊ पुण्यात. तिला इकडे आणून पाहिलं, पण ब्लॉकमध्ये तिचा जीव रमत नाही, आणि आंब्याच्या दिवसांत तर तिला गावातून हलवणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. तब्येत तशी बरी आहे. बीपीची गोळी आणि एका गुडघ्याची कुरकुर, बस. डोकं माझ्यापेक्षा तल्लख. तेव्हा 'वृद्धाश्रम', 'चोवीस तास बाई' हे सल्ले कृपया नकोत.

काळजी एकच, पडण्याची. मागीलदारच्या चिऱ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात. न्हाणी घराबाहेर आहे. सगळ्यात जवळचं घर बागेपलीकडे, एरवी हाकेच्या अंतरावर. पण पन्हळी धो धो वाहायला लागल्या की शेजारच्या खोलीतली हाकही ऐकू येत नाही.

आतापर्यंत काय करून पाहिलं ते सांगतो.

माजघरात वायफाय कॅमेरा लावला होता. आत्याने त्यावर पंचा वाळत घातला. मी डोंबिवलीत बसून दिवसभर पंचा बघायचो. फोन केला तर म्हणाली, "माका बघूचा आसा तर गावाक ये. भिंतीर डोळो कित्याक लावतंस?" आणि खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं पटतं. ती काय करते ते मला बघायचंच नाही. ती उठलीय, हिंडतेय, एवढं कळलं की झालं. पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ आणलं, तर ते रोज चार्ज करायला लागतं आणि बिनसिमचं असल्यामुळे मोबाईल जवळ असेल तरच चालतं. मोबाईल कायम फडताळात. घड्याळही आता तिथेच, मोबाईलच्या सोबतीला.

मग दाराला लावायचे छोटे सेन्सर पाहिले. मागचं दार सकाळी उघडलं की मला निरोप येणार. ठरलेल्या वेळेपर्यंत दार उघडलं नाही तर धोक्याची सूचना. कल्पना फार आवडली. बटणासारख्या सेलवर ते महिनोन् महिने चालतात, दिसतही नाहीत. पण ते ज्या हबशी बोलतात तो हब (सेन्सरचा निरोप इंटरनेटवरून पुढे पाठवणारी डबी) आणि राउटर दोन्ही लाईटवर. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल आणि कधी येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाच्या वेळी काय झालं ते सिंधुदुर्गातल्या लोकांना सांगायला नको. तर मग सकाळी निरोप आला नाही, याचा अर्थ काय लावायचा? आत्या पडली, की लाईट गेली, की वानरांनी केबल तोडली? जुलैमध्ये रोजच निरोप आला नाही तर दहाव्या दिवशी मी त्याकडे बघणंच सोडून देईन, आणि नेमकं त्याच दिवशी काहीतरी होईल. माझं घोडं इथे अडलंय.

तेव्हा प्रश्न असा: लाईट गेली तर 'लाईट गेली' असं स्वतःच कळवणारं, इंटरनेटवर अवलंबून नसलेलं आणि आत्याला रोज हात लावावा न लागणारं काही कुणी वापरतं का? पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे.

प्रतिसाद १

इंटरनेटचा नाद सोडा. दुकानांना चोरीसाठी बसवतात तो जीएसएम अलार्म पाहा. त्यात सिमकार्ड असतं, आत बॅटरी असते, दाराचे सेन्सर आणि गळ्यात किंवा खिशात ठेवायचं रिमोट बटण त्याला जोडता येतं. बटण दाबलं की तुम्ही भरून ठेवलेल्या नंबरांना एकामागून एक फोन जातो. आणि तुमचं दुखणं नेमकं ज्याचं आहे ते: बऱ्याच पॅनेलमध्ये (म्हणजे या अलार्मच्या मुख्य डब्यात) लाईट गेल्याचा आणि आल्याचा एसएमएस येतो. घेताना हे दुकानात वायर काढून करून दाखवायला सांगा.

दोन गोष्टी बघून घ्या. स्वस्त पॅनेल फक्त टूजीवर चालतात. जिओचं नेटवर्क फोरजीपासूनचं आहे, त्यात टूजी नाही, म्हणून अशा पॅनेलमध्ये जिओचं सिम घातलंत तर ते मुकं बसेल. घरात कुठल्या कंपनीची रेंज टिकते ते आधी पाहा आणि मगच सिम ठरवा. रिचार्ज संपून सिम बंद पडणार नाही याची काळजी तुम्हीच डोंबिवलीतून घ्या. दुसरं, जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात, बटणाचा सिग्नल त्यात मरतो. पॅनेल लावल्यावर न्हाणीत, विहिरीपाशी, मागीलदारच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून बटण दाबून बघा. सगळ्यात जास्त घसरायला होतं तिथेच ते चाललं नाही तर बाकी घरभर चालून उपयोग काय?

प्रतिसाद २

बाग आहे म्हणताय, मग विहिरीवर पंप असेलच. आमच्या आईचा पहाटेचा पहिला उद्योग पंप लावून टाकी भरणं. पंपाला मोबाईल स्टार्टर बसवला, शेतकरी वापरतात तोच. पंप सुरू झाला की मला एसएमएस येतो. आईला वाटतं मी पाण्याची काळजी करतो. लाईट गेली की तोही एसएमएस येतो. सिंगल फेजलाही मिळतो. घरात काही लावावं लागत नाही, त्यामुळे पंचा वाळत घालायची सोय नाही :)

प्रतिसाद ३

पेशाने नर्स आहे म्हणून वेगळं लिहिते. फोन लागला, शेजारी धावत आले, आणि दाराला आतून आगळ. पुढे? जुन्या घरांत हेच होतं. कौलं काढून आत उतरावं लागतं आणि तोवर वेळ जातो. एका दाराची आगळ काढून बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवा, किल्ली शेजारी द्या. यंत्राच्या आधी हे करा.

फोनचा क्रमही नीट लावा. पहिला नंबर तुमचा नको. तुम्ही डोंबिवलीहून काय करणार? पहिला शेजारी, दुसरा गावातला गाडीवाला, तिसरे तुम्ही. रुग्णवाहिकेला १०८ आहेच, पण वाडीचा रस्ता समजावून सांगणारं माणूस तिथे असलं तर ती लवकर पोचते. पडलेल्या माणसाला ओढून उठवायचं नाही हेही शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मांडीचं, खुब्याचं हाड मोडलं असेल तर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो; तशा वेळी हलवायचं नाही, आधार देऊन आडवंच ठेवायचं.

अजून एक. साधा बटणांचा फोन असेल तर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायला शिकवा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांना ही सोय सक्तीची केली आहे, ११२ ला फोन लागतो. फोन फडताळातून बाहेर मात्र तुम्हालाच काढावा लागेल.

आणि बीपीची गोळी चालू आहे तर उठताना चक्कर येते का, ते विचारा. बसून आणि मग उभं राहून, दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. उभं राहिल्यावर फारच खाली जात असेल तर डॉक्टरांना दाखवा, कदाचित गोळीतच बदल करतील. मनगटाचं नको, दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आगळीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आमच्याकडे पुढच्या दाराला आगळ आणि मागच्याला आडणा, दोन्ही आतून. गणपतीला गावी जातोय तेव्हा सुतार गाठून मागच्या दाराचं काम करून घेतो. शेजारच्या वहिनीशी फोनवर बोललो. ती म्हणाली किल्ली कशाला, मी रोज सकाळी हाक मारतेच की! आणि हे मला आज कळतंय.

पंपाची आयडिया झकास, पण पावसात आत्या पंपाला हात लावत नाही, पागोळीचं पाणी पिंपात धरते. तेव्हा पंप दिवाळीनंतरसाठी. आत्ता जीएसएम पॅनेलवरच येतोय. आत्याला विचारलं. कॅमेरा नाही, फक्त बटण, म्हटल्यावर "बघतंय" म्हणाली. आमच्याकडे हा होकार समजतात.

आता शेवटच्या दोन शंका. गळ्यातलं बटण न्हाणीतही राहायला हवं, म्हणजे पाणी चालणारं पाहिजे. रिमोटवाले 'वॉटरप्रूफ' सर्रास लिहितात. खरोखर आंघोळीत वापरून टिकलेलं कुणाकडे आहे का? आणि देवगड, जामसंडे किंवा कणकवलीत हे पॅनेल बसवून देणारं, मागाहून बॅटरी बदलायलाही येणारं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपातून कळवा. ऑनलाइन मागवून मी बसवून येईनही, पण ऐन आषाढात ते बंद पडलं तर बघायला तिथलाच माणूस हवा.