फोंड्याच्या घरी ब्लीडिंग हार्ट लावता येईल का?

प्रेषक: फोंड्याची सून, टोरांटो

नमस्कार मंडळी,

आमच्या मागच्या अंगणातल्या ब्लीडिंग हार्टला, म्हणजे हृदयाच्या आकाराची फुलं येणाऱ्या झाडाला, यंदा विलक्षण बहर आलाय. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि फोंड्याहून सासूबाईंचा लगेच निरोप: "म्हाकाय एक झाड हाड गो" (मलाही एक झाड आण गं). डिसेंबरात आम्ही जातोच आहोत. जमीन गोठायच्या आधी एक गड्डा काढून ओल्या मॉसमध्ये गुंडाळून ठेवायचा आणि बॅगेतून न्यायचा, असा बेत आहे. गोव्यात कुणी लावून पाहिलंय का? घराच्या मागे कुळागर (पोफळीची बाग) आहे, सावली भरपूर.

---

प्रेषक: म्हापशाची काकू

अगो, बॅगेचा बेत आधी रद्द कर. परदेशातून लागवडीसाठी रोप किंवा मुळं आणायची तर भारत सरकारच्या 2003 च्या प्लांट क्वारंटीन आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, शिवाय तिथल्या कृषी खात्याचा रोगमुक्ततेचा दाखला. विमानतळावर गड्डा जप्त झाला की सासूबाईंना काय सांगशील?

आणि कागदपत्रं केलीस तरी झाड जगायचं नाही. त्याचं माहेर सायबेरिया, उत्तर चीन, कोरियाकडचं. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाने 1840 च्या दशकात ते चीनमधून इंग्लंडला नेलं आणि तिथे ते रुजलं, कारण तिथेही हिवाळा असतो. या झाडाचा सगळा कारभार थंडीवर चालतो. थंडी सोसली की वसंतात कोंब, मग फुलं, आणि ऊन तापलं की पानं पिवळी पडून झाड जमिनीखाली झोपी जातं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेलाही पणजीत पारा विशीच्या आसपास. त्याला जाग यायची कशी? कुळागरातली सावली आवडेल त्याला, नाही म्हणत नाही, पण सावली म्हणजे थंडी नव्हे. वर जूनपासूनचा पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्याची मुळं मांसल आणि ठिसूळ, पाणी साचलं की कुजलीच.

---

प्रेषक: न्यू जर्सीचा दादा

काकू, ट्यूलिपचे कांदे लोक फ्रीजमध्ये ठेवून फुलवतात. तसं करून चालणार नाही?

---

प्रेषक: म्हापशाची काकू

चालेल रे, एकदा. थंडीत ठेवलेल्या गड्ड्याला कुंडीत फुलं येतात, थंड देशांतले नर्सरीवाले तेच करतात. पण फुलांनंतर पानांनी महिना-दोन महिने गारव्यात उभं राहून मुळांत साठा भरायला हवा. आपल्या मार्च-एप्रिलात तो कसा भरणार? दर वर्षी नवा गड्डा आणून एकदा फुलवून टाकून द्यायचा, तर त्यापेक्षा फुलं विकत आणलेली बरी.

सूनबाई, तुझ्या सासूबाईंना दुसरं झाड दे. क्लेरोडेंड्रम थॉमसोनी नावाचा वेल, तिकडे त्यालाच ब्लीडिंग हार्ट व्हाइन म्हणतात. तुझ्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. तुझं अफूच्या कुळातलं, हा तुळशीच्या. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, त्यामुळे आपला उकाडा आणि दमट हवा त्याला घरच्यासारखी. जवळ जाऊन बघ: पांढऱ्या पाच कोनी पिशवीतून गर्द लाल फूल डोकावतं आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात. लाल फूल लवकर गळतं, पिशवी मात्र झुपक्यात तशीच राहते आणि हळूहळू जांभळट गुलाबी होते. एकाच झुपक्यात पांढरं, लाल, जांभळं तिन्ही दिसतं. मला विचारशील तर तुझ्या हृदयांपेक्षा हे देखणं. पण तिकडच्या बायकांना सांगू नकोस.

पडवीच्या पूर्वेकडच्या खांबावर चढव, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. ऐन पोफळीखाली नको, वेल वाढेल पण फुलं रुसतील. खड्ड्यात जांभी माती, कुजलेलं शेणखत आणि तळाशी माडाची सोडणं घाल. पावसाळ्यात पाणी तुंबू द्यायचं नाही. बहर ओसरला की छाटायला हात आखडू नकोस. फुलं नव्या फांदीच्या टोकाला येतात. छाटलं नाही तर वर नुसता गुंता आणि खाली उघडी लाकडं. थंडीत पाणी कमी.

नर्सरीत मागताना वेल म्हणूनच माग. क्लेरोडेंड्रम म्हटलं की उभं झुडूपही हातात ठेवतील. आपली पावसाळी भारंगीसुद्धा याच गोतावळ्यातली.

---

प्रेषक: फोंड्याची सून, टोरांटो

काकू, पटलं. मग माझ्या इथल्या गड्ड्याला हात लावू का नको? जागा कमी पडतेय, अर्धा मैत्रिणीला द्यायचाय.

---

प्रेषक: म्हापशाची काकू

द्यायचा असेल तर पानं पूर्ण वाळल्यावर, किंवा वसंतात कोंब डोकं काढतात तेव्हा. आधी हिरवी पानं कापलीस तर पुढच्या वर्षी फुलं कमी. मुळं काडीसारखी मोडतात, म्हणून रुंद खण आणि प्रत्येक तुकड्यावर डोळा आहे ना ते बघ. हातमोजे घाल, रसाने कातडी चुरचुरते. झाड विषारी आहे, कुत्रं किंवा लहान मूल असेल तर जपून. उन्हाळ्यात ती जागा भकास दिसते, तिथे शेजारी रुंद पानांचा होस्टा लाव.

वेलाची फांदी मी जूनच्या पहिल्या सरींना पिशवीत लावते. डिसेंबरात म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला येशील तेव्हा घरी ये आणि घेऊन जा. येताना फोन कर.