मदत हवी आहे: हत्ती विरुद्ध उंट आणि दोन प्यादी, बरोबरी ओळखायची कशी?

मंडळी, बुद्धिबळाच्या एका डावाचा शेवट समजून घ्यायचा आहे (घरांच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ). पांढरा (मी): राजा जी२, हत्ती बी३. काळा: राजा एफ५, उंट ई५, प्यादी जी५ आणि एच५. चाल माझी.

गुण मोजले तर पाचास पाच (हत्तीचे पाच; उंटाचे तीन आणि प्याद्यांचे दोन). इंजिन (डाव तपासणारा संगणक-प्रोग्राम) ०.०० म्हणजे समसमान दाखवतं, आणि सहाच मोहरी असल्याने टेबलबेसही (मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले अचूक निकाल) बरोबरीच सांगतं. पण घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना टेबलबेस कुठून आणू? प्यादी जोडीने खाली येतात, उंट काळी घरं धरून बसतो आणि माझा हत्ती नुसता शह देत फिरतो. हत्ती नेमका कुठे ठेवायचा? आणि तो प्याद्यासाठी द्यायचा असेल तर कधी?

उंटावरचा शहाणा:
गुण बाजूला ठेवा, आधी रंग बघा. एच१ पांढरं घर, उंट काळ्या घरांचा. शेवटी काळ्याकडे उंट आणि एच-प्यादंच उरलं, तर तुमचा राजा त्या कोपऱ्यातून हलत नाही. फार रेटलं तर स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण चालही उरली नाही, बरोबरी. म्हणजे जी-प्याद्यासाठी हत्ती देणं हा तुमचा विमा. उंट पांढऱ्या घरांचा असता तर हा विमा नव्हता.

पण त्यात एक बारीक अट आहे. प्यादी जी४-एच५ किंवा जी३-एच४ अशी तिरकी असतील तर हत्ती देऊ नका. काळा एच-प्याद्यानेच हत्ती मारेल, त्याचं जी-प्यादं होईल आणि डाव गेला.

तुमचा हत्ती आत्ता तिसऱ्या ओळीत आहे, तिथेच राहू द्या. जी४ आलं आणि एच-प्यादं एच५ वरच असताना जी३ आलं, तर हत्तीने मारा, उंट मारेल, राजाने उंट घ्या. उरलेलं एकटं एच-प्यादं काही करत नाही. जी४-एच४ शेजारी-शेजारी आली की मात्र हत्ती लगेच चौथ्या ओळीत. राजा जी२-एच१ सोडून भटकायला नको.

आणखी एक प्रतिसाद:
हे दोन प्याद्यांपुरतं. सोबत एफ-प्यादं असेल तर एका प्याद्यासाठी हत्ती देऊन भागत नाही; तीन जोडलेली प्यादी आणि उंट असले की जिंकायची संधी बहुधा उंटवाल्याला. प्यादी किती पुढे गेलीत यावर तर सगळंच फिरतं. रेक्याविकच्या १९७२च्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपद सामन्याचा तेरावा डाव लावून बघा: फिशरने स्वतःचा हत्ती जी८ वर कोंडून घेतला आणि तरी प्याद्यांच्या जोरावर स्पास्कीच्या हत्तीला नमवलं.

धागाकर्ता:
तिरक्या प्याद्यांचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आभार. उलट बाजूने विचारतो: दोन्ही प्यादी मीच खाल्ली तर जिंकतो का?

उंटावरचा शहाणा:
सहसा नाही. काळा राजा उंटाच्या विरुद्ध रंगाचा कोपरा गाठेल, इथे ए८ किंवा एच१. ए१ किंवा एच८ ला अडकला तर मात्र सोडू नका. पन्नास चालींचा हिशेब ठेवा: तेवढ्या चालींत काही मारलं नाही किंवा प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते.