मदत हवी आहे: राजहंसगडाचं काचचित्र भट्टीत तडकलं

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. येळ्ळूरच्या शिवारातून पावसाळ्यात दिसणारा राजहंसगड काचेत उतरवायचा, हे माझं जुनं स्वप्न. खाली भाताची हिरवी खाचरं, मागं ढगात अर्धा बुडालेला गड.

३० बाय ४५ सेंटिमीटरचा पॅनल. खिडकीच्या साध्या ४ मिमी काचेचे दोन थर घेतले आणि खाचरांसाठी वर हिरव्या बाटलीच्या काचेचे तुकडे ठेवले. मित्राच्या विजेच्या भट्टीत ८१५ अंशांवर १० मिनिटं. वितळून छान एकजीव झालं होतं हो! थंड होताना काचेतला ताण निघून जावा म्हणून ५५० अंशांवर एक तास थांबवलं, मग भट्टी बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर तडा. तो सरळ गेलेला नाही, हिरव्या तुकड्यांच्या कडेकडेनं वळत गेलाय. म्हणून मला वाटतं, दोन्ही काचांचं प्रसरण जुळलं नाही. एकूण जाडी ८ मिमीच्या वर असल्यानं एक तास कमी पडला, असं मित्र म्हणतो. कोणाचं बरोबर?

बाटली सोडून खिडकीच्याच काचेवर भट्टीत भाजायचे इनॅमल रंग वापरले तर? आधी थर वितळवून घ्यावेत आणि मग रंगवून कमी तापमानाला पुन्हा भाजावं, असा विचार आहे. ढगांच्या पातळ छटा ८१५ अंशांना टिकतील असं वाटत नाही. शिवाय फ्लोट काचेची, म्हणजे खिडकीच्या या साध्या काचेची, एक बाजू कथिलाची असते (बनवताना वितळलेल्या कथिलावर टेकलेली), रंग तिच्यावर द्यावा की उलट बाजूवर?

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा कोल्हापुरात कुणी हे काम करत असेल तर कळवा. भट्टी बघायला मी येईन की.